छर्रा सोडलास का?

प्रिय घाईमास्तर,

बाबांनी ठेवलेल्या नावानेच हाक मारते आहे. पत्रिकेवर छापलेलं तुझं भारदस्त नाव माझ्या हातून लिहवत नाही. पत्रिका मिळाली. नव्या गॅरेजची फीत बाबांनीच कापावी असं तू लिहिलंस, ते वाचून क्षणभर बरंही वाटलं. मग तुझा फोन आला आणि हसत हसत म्हणालास, "फक्त त्यांना इंजिनाजवळ जाऊ देऊ नकोस हं ताई, गिऱ्हाइकं घाबरतात." सवयीने मीही हसले. फोन ठेवला आणि अंगाचा तिळपापड झाला.

बाबा कसे आहेत, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ते अजून रोज आपल्या जुन्या गॅरेजमध्ये येतात, पण पान्याला हात लावत नाहीत. खिडकीजवळच्या बाकावर बसून डब्यातले जुने नट-बोल्ट निवडतात, मापाप्रमाणे वेगळे लावतात. संध्याकाळी ते घरी गेले की मी सगळे पुन्हा डब्यात ओतून मिसळून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना काम उरतं. त्यांना ते कळत असणार. काही अडलं म्हणून मी विचारायला गेले तर म्हणतात, "तुलाच जास्त कळतं, माझं काही खरं नाही आता." आपल्या दोघांना पाना धरायला शिकवणारा माणूस हे बोलतो, तेव्हा मला तुझा इतका राग येतो की विचारू नकोस.

दंतवैद्यांची ती दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार तू विसरला नसशील. तिच्यावरच तर तुझं नाव झालं. मूळचं इंजिन कामातून गेलेलं, त्याजागी आजकालच्या गाडीचं इंजिन बसवायचं होतं. ते कसंबसं बसलं, पण ऑइल फिल्टरला जागा उरेना. म्हणून फिल्टर पुढे ऑइल कूलरशेजारी नेला आणि तिथवर तेल न्यायला-आणायला नवे पाइप टाकायचं ठरलं. बाबा गाडीखाली झोपून कूलर आवळत होते, लांब पाइप तू बनवत होतास. बाबांचा नियम तुला पाठ होता. दोन्ही टोकांना फिटिंग बसली की पाइपमधून पोलादी छर्रा सोडायचा, पलीकडे हात धरायचा आणि छर्रा हातावर पडला तरच पाइप गाडीला लावायचा. फिटिंग दाबून बसवताना कधीकधी आतलं रबर सोललं जातं आणि बाहेरून ते कुणाच्या बापाला दिसत नाही. बाबांनी गाडीखालून विचारलं, "छर्रा सोडलास का?" तू म्हणालास, "सोडला." दंतवैद्य बाहेर ताटकळत होते आणि तुला त्यांच्यासोबत पहिली चक्कर मारायची होती.

त्या चकरेत इंजिन जॅम झालं. गाडी ओढून आणली तेव्हा सगळ्यांसमोर तू खापर बाबांवर फोडलंस. म्हणालास, "तेलाची येणारी आणि जाणारी लाइन उलटी जोडली बाबांनी. वय झालं, होतं असं." कुणी वाकून बघायच्या आत बाबांनी दोन्ही पाइप काढून घेतले आणि म्हणाले, "हो, माझंच चुकलं." मग तू वेगळं गॅरेज काढलंस, दंतवैद्य गाडी घेऊन तुझ्याकडे आले, त्यांच्या मागोमाग बाकीचे. तुझी भरभराट झाली आणि बाबा बाकावर बसले.

मागच्या आठवड्यात माझ्याकडे तशाच कामाची एक गाडी आली. लांब पाइप हवा होता, म्हणून शोधाशोध केली, तर बाबांच्या बाकाखाली फडक्यात गुंडाळलेला एक सापडला. मी तो उचलताच बाबा ताडकन उठले. "तो नको. नवा बनव." एवढ्या जोरात ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. ते चहाला गेल्यावर मी त्यात छर्रा सोडला. तो पलीकडे आलाच नाही. टोकाशी बॅटरीचा उजेड धरून पाहिलं, तर फिटिंगच्या तोंडाशी रबराचा पापुद्रा लोंबत होता. तेल हळू वाहताना त्याच्या बाजूने जात असणार. गाडीने जोर धरला की तोच पापुद्रा आडवा होऊन भोक बुजवत असणार आणि तेलावाचून इंजिन जॅम झालं असणार. लाइन उलटी-सुलटी काही नव्हतीच.

बाबा परतल्यावर मी पाइप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वरही पाहिलं नाही, नट निवडत राहिले. मग म्हणाले, "त्याचं बस्तान बसायचं होतं. माझं बसून झालं होतं." तुला यातलं काही कळवायचं नाही, असंही म्हणाले. मी हो म्हटलं नाही.

म्हणून हे पत्र. फीत कापायला बाबा येणार नाहीत. पत्रासोबतच्या खोक्यात तो पाइप आहे आणि बाबांचा छर्रा आहे. समारंभाला दंतवैद्य येतीलच, सगळी गिऱ्हाइकं येतील. त्यांच्यासमोर उभा राहा, छर्रा सोड आणि पलीकडे हात धर. हातावर पडला तर तुझी ताई खोटी. नाही पडला, तर हा पाइप कुणी बनवला होता ते त्यांना तुझ्या तोंडाने सांग आणि मग बाबांना न्यायला ये. तोवर नट-बोल्ट मी रोज मिसळतेच आहे.

तुझीच,
ताई