म्हसोबाचा शेंदूर

१६ जानेवारी

भाला थेट छातीत! खाली पडलेला माणूस, त्याच्यावर पाय देऊन उभा दुसरा, मागे गायी. शेतात पालथा पडलेला वीरगळ आज आम्ही उताणा केला आणि ही मारामारी उजेडात आली. जोनाथन म्हणाला, "गायी सोडवायला गेला आणि मेला, बिचारा." मला असले दगड आवडतात. लढाईत मेलेल्यांच्या नावाचे. गावोगाव पडलेत — कुणी त्यावर धुणं धुतं, कुणी देव म्हणून शेंदूर फासतं.

इंटर्नशिपचं काम सोपं आहे. शिरूर तालुक्यातल्या वीरगळांची मापं घ्या, फोटो काढा, फॉर्म भरा. सरांची ताकीद एकच — "पूजेतल्या दगडाला हात लावायचा नाही. शेंदराला तर नाहीच नाही." दहादा सांगतात. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?

परवा सोपानमामांच्या गावी जायचं. गावात त्यांचा शब्द चालतो, म्हणून परवानगीची कटकट नाही. मी दौंडची, जोनाथन शिरूरचा, मिशन कंपाउंडजवळ राहतो. मामीनं फोनवर विचारलं, "पोरगं कुणाचं हाय?" वर्गातलं, म्हटलं.

१८ जानेवारी

जोनाथनला मारलं. माझ्यासमोर. माझ्यामुळे. लिहवत नाही.

१९ जानेवारी

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी वेशीबाहेरच्या म्हसोबापाशी गेलो. कमरेएवढा वीरगळच तो, वर पिढ्यानपिढ्यांचा शेंदूर, बोटभर जाड. एका कडेला लेप तडकला होता आणि आत अक्षरं दिसत होती. अक्षरं! वीरगळावर लेख क्वचितच सापडतो. माझ्या अंगातच आलं. जोनाथन म्हणाला, "मोनाली, नको. सरांनी सांगितलंय." मी म्हटलं, "घाबरट!" बांधावर कुणाचं तरी खुरपं पडलं होतं, ते उचललं आणि त्या फटीत घातलं. ताटाएवढा पोपडा एका झटक्यात निघाला. खाली तीन ओळी! मी अक्षरशः नाचले.

हात केशरी झाले म्हणून ओढ्यावर धुवायला गेले. पाच मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात झुंबरबाई नारळ घेऊन आली. काल अमावस्या! दर अमावस्येला म्हसोबाला नारळ फुटतो, सुट्टीत मी स्वतः खोबरं खाल्लंय तिथलं. डोक्यातच आलं नाही. इतिहास शिकते म्हणे!

"देव सोलला! आरं, देव सोलला!" झुंबरबाईची किंकाळी ओढ्यापर्यंत आली.

जोनाथन दगडासमोर बसून फोटो घेत होता. पायाशी खुरपं. मी पळत येईपर्यंत मामा पोचले होते. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी हातातला लोखंडी पाइप त्याच्या कानशिलावर घातला. हाड वाजलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग बाकीचे धावले. लाथा, दगड, चपला. एकानं केस धरून त्याचं तोंड म्हसोबावर आपटलं. "चाट! चाट आता!" शेंदूर कुठला आणि रक्त कुठलं, कळेना. दात खाली पडला. कुणीतरी विचारलं, "नाव काय रं तुझं?" त्यानं सांगितलं. मग काय! बाजूला उभे होते तेही तुटून पडले.

"सोडा! सोडा त्याला!" मी घसा फोडून ओरडत होते. पण "मी केलं" हे दोन शब्द काही बाहेर पडले नाहीत. मामीनं कव घालून मला घराकडे ओढलं, आणि खरं सांगू? मी ओढू दिलं.

२० जानेवारी

शिरूरला दवाखान्यात गेले. डावा कान गेला, डॉक्टर म्हणाले. जबडा तारांनी बांधलाय. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याची आई, दयाबाई, हळूच म्हणाल्या, "तू होतीस ना गं बाळा तिथं? खरं काय झालं, सांग की." पाणी आणते म्हटलं आणि सरळ एसटीत बसले. थू माझ्यावर!

२१ जानेवारी

आई म्हणाली, दोन घास खा. ताट भिंतीवर फेकलं.

२३ जानेवारी

पोलीस ठाण्यातून फोन. गावानं जोनाथनवरच तक्रार दिली आहे — देवाची विटंबना. त्यानं कागदावर लिहून जबाब दिलाय: शेंदूर मोनालीनं काढला. अकरा जण म्हणतात, खोटं बोलतोय. हवालदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या जबाबावर हाय आता समदं. परवा या." म्हणजे मी गप्प बसले की केस त्याच्यावर. ज्याचा कान गेला, त्याच्यावर! नोकरीही विसरायची मग त्यानं.

सर फोन उचलत नाहीत.

आई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. एकच भाऊ आहे गं मला." मी म्हटलं, त्याचे दात तर पाडले ना तुझ्या भावानं. तिनं थोबाडीत दिली. बरं वाटलं. कुणीतरी मारायलाच हवं होतं मला.

२४ जानेवारी

मामांच्या गावी गेले. म्हसोबाला ताजा शेंदूर फासलाय, अक्षरं पुन्हा आत. ठरवलं होतं, जबाबाआधी मामांना तोंडावर सांगायचं. ते गोठ्यात कडबा तोडत होते.

"मामा, शेंदूर मी काढला. जोनाथननं नाही."

त्यांनी कोयता थांबवलासुद्धा नाही. "ठावं हाय."

मला वाटलं, ऐकलं नाही त्यांनी नीट.

"विहिरीपाशी मोटरीचा पाइप जोडत हुतो. तू खुरपं घातलंस ते बघितलं म्या. काम उरकून तुला बोलायला येणार, तवर झुंबरबाई वराडली."

"मग त्याला का मारलं?"

"गाव तुला इचारणार हुतं. म्या पहिला फटका त्याला घातला, मंग कुणी काय इचारलंच न्हाई. भाची हायस माझी. परक्याचं पोरगं, उठंल चार दिसांत."

मी दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारलं. खांद्यावर, तोंडावर, लागेल तिथं. ओठ फुटला त्यांचा. जागचे हलले नाहीत. याच मामांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे.

"मार," म्हणाले. "पर उद्या जबाब नीट दे."

२५ जानेवारी

जबाब दिला. शेंदूर मी काढला, हवालदारानं लिहून घेतलं. मग विचारलं, "पहिला फटका कुणी मारला?" दाराबाहेर बाकावर आई बसली होती, तिला ऐकू जात होतं. मी मामांचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं. फटका मारला तेव्हाच, शेंदूर कुणी काढला ते त्यांना माहीत होतं, हेही लिहा म्हटलं. पेन थांबलं. "तुमचं नातं?"

सख्खे मामा.