सोप्या सामन्यांचा पहिला नंबर

रविवार संध्याकाळ, हॅरिस पार्क

निखिलने आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीम्सची क्रमवारी लावली आणि स्वतःचीच टीम पहिली ठेवली. पहिल्या दोन टीम मोठ्या स्पर्धेसाठी मेलबर्नला जाणार. आम्ही पाचवे. चार सामने जिंकला म्हणे. पण कोणाशी? एकदा तर समोर आठच जण आले होते.

"समोरची टीम किती तगडी, ते धरलंस का?" मी विचारलं.

"अरे मेट, जिंकलो ते जिंकलो."

आठ जणांना हरवून मिरवतोय. लाज कशी वाटत नाही?

मग मीच नवी यादी केली. निखिल सहावा, आम्ही दुसरे. सगळ्यांना पाठवणार तेवढ्यात लक्षात आलं, ज्यांनी आम्हाला हरवलं, त्या सगळ्यांना मी बिनदिक्कत तगडं ठरवलं होतं, म्हणजे आमचे पराभव आपोआप माफ.

यादी पुसली. निखिलची तशीच राहू दिली.