ट्यूबच्या झाकणाएवढं मीठ

गंगापूर रोड, नाशिक
१८ जून १९९६

ती. आईंना विमलचा वाकून नमस्कार.

तुमच्या लेकाच्या पायांची सूज उतरली आहे, काळजी करू नका. डॉक्टर रविवारी घरी सोडणार आहेत. फक्त दिवसभरात मीठ दोन ग्रॅमच, असं त्यांनी बजावलंय. हृदय थकलंय म्हणे.

दोन ग्रॅम म्हणजे किती चमचे, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. शेवटी मिठाची पुडी घेऊन इथल्या सराफाकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, आता मीठही गहाण ठेवता का?" पण बिचाऱ्यानं सोन्याच्या काट्यावर तोललं. चहाचा सपाट चमचा जवळजवळ सहा ग्रॅम भरला. टूथपेस्टच्या ट्यूबचं झाकण मात्र बरोबर दोन. तेच धुऊन या पाकिटात पाठवते आहे.

तुमचा हात सढळ आणि माझी जीभ सढळ, हे सगळं येवलं जाणतं. तरी यापुढे त्यांचं दिवसभराचं मीठ या झाकणानंच. पापडांचा डबा माळ्यावर टाका. मी पाठ फिरवली की तुम्ही त्यांच्या ताटात चिमूटभर टाकाल, म्हणून आधीच भांडून घेते.

तुमचा गुडघा कसा आहे? शुभांगी शाळेत डबा नेते ना?

काल मी केलेली आमटी अगदी अळणी होती. एकोणीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय न उठलेला माणूस "छान झालीय" म्हणाला आणि निमूट जेवला. आई, मला त्याचीच भीती वाटली.

झाकण हरवू नका.

तुमची तोंडाळ सून,
विमल