दहापैकी सहा

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या (आणि साठी उलटूनही न सुधारलेल्या) नणंदेचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे कंबर वाकू देते तितकाच; उरलेला तुम्ही मनाने पूर्ण करून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? दादाचा खोकला थांबला, की अजून पहाटे खोकून तो सगळ्या गल्लीला उठवतो? दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण तुमचं दूध. मी त्या जुन्या पत्राचा विषय काढला रे काढला, की तुमचं दूध उतू जातं आणि तुम्ही फोन ठेवता. (एकतीस वर्षं एकच दूध उतू जातंय, वहिनी. भांडं तरी मोठं घ्या.) कागदावर ती सोय नाही. तुम्ही मला शेवटचं पत्र लिहिलंत त्याला एकतीस वर्षं झाली, आणि डोळे मिटण्याआधी मला तुमच्या हातचं आणखी एक हवंय. पण मागणाऱ्याने आधी थोडं हसवावं, म्हणून पहिल्यांदा माझी फजिती ऐका.

मी नोकरीला लागले होते. ('होते' वाचून लगेच दादाला हाक मारू नका, पुढचं वाचा.) लायब्ररीतून निवृत्त झाल्यापासून घरातली घड्याळं फार मोठ्याने वाजायला लागली होती. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाच्या वर एक ऑफिस निघालंय: एक लांबलचक खोली, वीस टेबलं, वीस कॉम्प्युटर आणि खिडकीत एक कुंडी, जिला सगळे मिळून इतकं पाणी घालतात की ती बिचारी बुडून मरणार. काम असं, की पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येतं. व्याकरणाने ते चालण्यासारखं असेल तर हिरवं बटण दाबायचं, नसेल तर लाल. अशी हजारो वाक्यं माणसांनी तपासली की म्हणे यंत्राला बरं इंग्रजी कळायला लागतं. मला वाटलं, हे तर माझं जन्मजात काम! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या हाताखाली दहा वर्षं शिकलेली मी. दोन आठवडे चाचणीचे होते, आणि शंभरातली ऐंशी वाक्यं बरोबर आली तर खुर्ची कायमची माझी.

पहिल्या आठवड्यात मला अठ्ठावन्न टक्के मिळाले. तुम्ही हसताय, मला इथे ऐकू येतंय.

झालं असं, की 'आजीने नातीचा केक चोरून खाल्ला' अशा अर्थाचं एक वाक्य आलं. मी लाल दाबलं. कुठली आजी असं करील हो? 'माझ्या काकांनी सकाळी दोन हत्ती गिळले.' लाल, धडधडीत खोटं. मग कुणीतरी लिहिलेलं आलं, 'सर, यू ईट? यू लुक टायर्ड.' त्याच्या व्याकरणाचे हातपाय मोडलेले होते, हे काय मला दिसत नव्हतं? पण बिचारा समोरच्याला जेवलात का विचारतोय, दमलेला चेहरा बघतोय. मी हिरवं दाबलं आणि वर पडद्याकडे बघून हसलेसुद्धा. आमच्यावर देखरेख करणारी मुलगी (सगळे तिला टक्केवाली म्हणतात, कारण ती 'गुड मॉर्निंग'च्या जागी टक्के सांगते) माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "मावशी, काका हत्ती गिळू देत की खांब. तुम्ही वाक्य बघा. वाक्याला ओळखायला जाऊ नका."

माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. त्यांचे चौऱ्याण्णव टक्के. शाळेत मी अशा मुलींच्या वहीवर शाई सांडायची, पण आता वय झालं, म्हणून नुसतं विचारलं, कसं काय जमतं तुम्हाला? म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी लोकांची पत्रं वाचली नाहीत. फक्त शिक्के मारले. तेच करतो."

त्यांचा गुरुमंत्र मी घेतला आणि चार दिवसांत सत्याहत्तरवर पोचले. सोपं होतं हो. ती सवय मला शाळेनेच लावली होती. तुम्हाला ती लाकडी पाटी आठवते? तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी नववीत होते, रोज सकाळी तुम्ही माझ्या स्कर्टच्या चुण्या इस्त्रीने बसवायचात आणि मी दात घासताघासता तुम्हाला शाळेच्या गोष्टी सांगायची. पॉलिश केलेल्या त्या लांब व्हरांड्यात जी मुलगी मराठीत बोलेल किंवा इंग्रजीत चुकेल, तिच्या गळ्यात सिस्टर ती पाटी अडकवायच्या. सुटकेचा मार्ग एकच: दुसरी कुणी चुकलेली पकडायची आणि पाटी तिच्या गळ्यात घालायची. माझ्या गळ्यात ती कधीही पाच मिनिटांच्या वर राहिली नाही. कान असे तयार झाले होते, की मैत्रीण रडत काही सांगू लागली तरी मला आधी तिचं क्रियापद ऐकू यायचं. सिस्टरांवर माझा राग नाही. (त्यांच्या कपड्यांना येणारा साबणाचा वास अजून कुठे आला तर मी सरळ उभी राहते.) पण ती पाटी मी घरी घेऊन आले, हे मला कुणी सांगितलं नाही.

शुक्रवारी शेवटची परीक्षा होती. पन्नास वाक्यं, चाळीस बरोबर हवीत, आणि कोपऱ्यात आकडा दिसत राहतो. एकोणपन्नास झाली तेव्हा माझी एकोणचाळीस बरोबर होती. टक्केवालीने तर माझ्यासाठी ड्रॉवरमधून कायमचं ओळखपत्रही काढून ठेवलं होतं. आणि पन्नासावं वाक्य आलं: 'डोअर ओपन, यू कम एनी टाइम.'

लाल. झोपेतसुद्धा लाल. बोट लालवर गेलंही होतं. पण वहिनी, मला तो पडदा दिसेना. मला निळा आंतर्देशीय कागद दिसायला लागला. मी नोकरीसाठी तुमचं घर सोडून इकडे आले, तेव्हा चाळिशीला टेकलेल्या तुम्ही दुपारच्या इंग्रजीच्या वर्गाला जायला लागला होतात, आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्र मला लिहिलंत. 'युअर रूम इज एम्प्टी. आय ऑल्सो.' आणि मी काय केलं? लाल पेन घेतलं, सतरा चुकांवर गोल केले, खाली 'दहापैकी सहा, प्रगती आहे' असं लिहिलं आणि टपालाने परत पाठवलं. मला खरंच वाटलं होतं, मी तुम्हाला मदत करतेय! वर्ग तुम्ही त्याच आठवड्यात सोडलात. फोनवर म्हणालात, "बाईसाहेब, तुमचं इंग्रजी तुम्हालाच शोभतं, आम्हाला बोलणं पुरे." आणि लगेच दूध उतू गेलं.

मी हिरवं दाबलं.

टक्केवाली मनाने फार चांगली. हळूच म्हणाली, "मावशी, चुकून दाबलंत ना? पुन्हा दाबा, मी बघत नाही." मी म्हटलं, "नाही गं. वाचून दाबलं." आणि पर्स उचलून, मान ताठ ठेवून जिना उतरले. आता घरीच आहे, तब्येत उत्तम आहे, घड्याळं वाजतायत. दादाला आशीर्वाद मागितलेत म्हणून सांगा.

तुमची,
बाईसाहेब

ता. क. : ताठ मानेने उतरले खरी, पण चष्मा टेबलावर राहिला, तेव्हा वाकलेल्या मानेने पुन्हा चढावं लागलं. पोस्टमास्तरांनी तो जपून ठेवला होता. त्यांचे चौऱ्याण्णवचे त्र्याण्णव झालेले दिसले. कोणतं वाक्य चुकलं, विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एखादं पाकीट उघडंच येतं हो बाई."

ता. क. दुसरा : ते निळं पत्र तुमच्या शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या खाली आहे, हे दादाने मला सांगितलंय. (त्याला रागावू नका, मी खोकल्याच्या गोळ्या पाठवण्याचं आमिष दाखवलं होतं.) ते मला पाठवून द्या. पुन्हा तपासायचंय. तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं, नुसते शिक्के मारले होते.

ता. क. तिसरा : माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या सतरापेक्षा जास्तच चुका सापडतील. सोबत लाल पेन ठेवलंय. हवे तितके गोल करा, हवे तितके गुण कापा, आणि टपालाने परत पाठवा. तुमच्या हातचं पत्र आलं, असंच मी धरीन.