भेगेवरच्या काचा

४ फेब्रुवारी, मंगळवार

खालच्या भाडेकरूंची भेगेबद्दल तक्रार — आज तिसऱ्यांदा. फ्रेमवाले जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले. "सिस्टर, भेग वाढतेय." निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हा माणूस मला सिस्टरच म्हणतो. त्यांचे वडील माझ्या वॉर्डात होते, तेव्हापासूनचं.

खाली जाऊन पाहिलं. त्यांच्या दुकानाचा मागचा कोपरा, जिथे त्यांची बायको बसून फोटोंचे पुठ्ठे कापते. खिडकीखालून जमिनीपर्यंत एक तिरकी रेघ. केसाएवढी! म्हटलं, प्लास्टर आहे, तडकायचंच. शिवाय तुमची दिवसभर ठोकाठोकी.

"खिळे मी टेबलावर ठोकतो, सिस्टर. भिंतीवर नाही."

तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी. पेशंट दुखतंय म्हणाला की लगेच सलाईन लावत नाही कुणी.

६ फेब्रुवारी

खालच्या मोरीतला नळ गळत होता. वायसर मीच बदलला. सात मिनिटं. प्लंबरने येतो-येतो म्हणत दोन दिवस घालवले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

रंगारी बोलावून भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेतली, वरून रंगाचा हात. भिंत नव्यासारखी. फ्रेमवाल्यांना म्हटलं, बघा, गेली की नाही? ते "हं" म्हणाले. त्यांचं ते "हं" मला आवडत नाही.

दुपारी धाकट्याचा फोन. "ताई, आज नळ, उद्या भिंत, परवा भाडेकरू — कशाला हा व्याप? विकून टाक आणि इकडे ये." मी सांगितलं, या घराची वीट न् वीट माझ्यासमोर लागलीय. रात्रपाळी करून थेट इथे यायचे, गवंड्याच्या डोक्यावर उभी राहायचे. मला माझं घर कळतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लांबी फाटली. जिथे होती तिथेच, आणि आता रेघेत नख जातं.

त्याहून मोठं म्हणजे भेगेवर आडवी एक काचेची पट्टी! बोटभर रुंद, दोन्ही टोकांना सिमेंटचे ठिपके. बाजूला पेन्सिलीने आजची तारीख.

"हे काय?"

"काच ताणली जात नाही, सिस्टर. भिंत हलली तर तुटेल. नाही हलली तर मी पुन्हा तक्रार घेऊन वर येणार नाही."

माझ्या भिंतीवर, मला न विचारता. चिडले होते. पण मुद्दा बिनतोड होता. राहू दिली.

१८ फेब्रुवारी

काच शाबूत.

२० फेब्रुवारी

शाबूत. जिन्यावरूनच सांगितलं त्यांना, जरा मोठ्याने.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तुटली. मधोमध, सरळ.

मी म्हटलं, कुणाचा तरी धक्का लागला असेल. फ्रेमवाल्यांनी तुकडे काढले. दोन नव्या पट्ट्या कापल्या, एक तिथेच लावली, एक वर खिडकीजवळ. पुन्हा तारीख.

त्यांची बायको पुठ्ठा कापत होती. माझ्याकडून एकदम निघून गेलं, "तुमचं टेबल आजच्या आज पलीकडच्या भिंतीला लावा."

तिने कात्री खाली ठेवली. "का, सिस्टर? नुसतं प्लास्टर आहे ना?"

टेबलाचं एक टोक मी धरलं, एक तिने.

२६ फेब्रुवारी

दोन्ही तुटल्या. खालचीचा एक तुकडा जमिनीवर पडला होता.

इंजिनिअरला फोन केला. कुणी सांगितलं म्हणून नाही — मीच केला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनिअर म्हणजे तिशीतली एक मुलगी. आल्याआल्या भिंतीकडे नाही, काचांकडे पाहिलं. "हे कुणी लावलं?" फ्रेमवाल्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा. "छान केलंत," ती म्हणाली. मी तिथेच उभी.

मग बाहेरच्या बाजूने कोपऱ्यात खणायला लावलं. दीड हातावर माती ओली लागली, त्याखाली पोकळ. तिने हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. पायाखालची माती वाहून गेलीय, कोपरा खचतोय. "पाणी कुठून येतंय?"

माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, यांची मोरी. दिवसभर काचा धुतात, सरसाचे डबे धुतात.

तिने लाल रंग कालवून त्यांच्या मोरीत बादलीभर पाणी ओतलं. खड्ड्यात काही नाही. पंधरा मिनिटं थांबलो, काही नाही. मग मला विचारलं, "वर पाणी कुठे कुठे सोडता?" मागच्या गॅलरीत कपड्यांचं मशीन आहे, म्हटलं. रंगाची बादली तिथल्या पाइपात ओतली आणि मी जिना उतरून खाली आले. मी पोचायच्या आधी खड्ड्यात लाल पाणी पोचलं होतं.

माझा पाइप.

दोन वर्षांपूर्वी मशीन गॅलरीत हलवलं तेव्हा प्लंबर म्हणाला होता, पाइप चेंबरपर्यंत न्यावा लागेल, अंगणातली फरशी फोडावी लागेल. मी म्हटलं, फरशीला हात लावायचा नाही, कोपऱ्यातल्या जुन्या पाइपात सोड. तो म्हणाला, जुना आहे, खाली फुटलेला असेल. मी म्हटलं, सोड सांगितलं ना. त्याने सोडला.

दोन वर्षं, दिवसाआड, मी माझ्याच घराच्या पायात पाणी सोडतेय. आणि खापर फोडत होते फ्रेमवाल्यांच्या खिळ्यांवर.

ते बाजूलाच उभे होते. शेवटी मीच म्हटलं, "बोला की."

"काय बोलू, सिस्टर? कारण सापडलं ना."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. तक्रारी उडवून लावताना जो आवाज लावते त्याच आवाजात म्हटलं — त्यांच्या बायकोला आत ऐकू जावं म्हणून. रंगाऱ्याचं दुकान समोरच आहे, त्यालाही गेलं असेल. जाऊ दे.

१ मार्च, शनिवार

दोन्ही मजले रिकामे करायचे, आजच. लोखंडी टेकू लागले. पाया खालून बांधून काढायचा, तीन महिने.

काम समोर आलं की मला बरं वाटतं. सकाळी सहाला यादी केली — आधी काय, मग काय, कोण कुठे उभं राहणार. हमाल दोघे, पण काचेला त्यांना हात लावू दिला नाही. मोठ्या काचा मी आणि फ्रेमवाले नेत होतो. पहिलीच मी आडवी उचलली. "उभी धरा, सिस्टर. आडवी काच स्वतःच्याच वजनाने मोडते." दिवसभर उभ्या धरल्या. एकही फुटली नाही.

ते मेहुण्याच्या गाळ्यात दुकान मांडणार. मी कागदावर लिहून सही करून दिलं — काम संपलं की हाच गाळा, हीच जागा तुमची. त्यांची बायको वाचून म्हणाली, "खिडकी मोठी करून मिळेल का? उजेड कमी पडतो." लगेच खाली तेही लिहिलं.

प्लंबर तोच बोलावला. त्याला म्हटलं, फरशी पाहिजे तेवढी फोड.

धाकट्याचा फोन: "आता तरी ये, ताई." नाही म्हटलं. कामावर रोज उभं राहायला मी इथेच हवी. जवळपास खोली बघते.

५ मार्च

दोन गल्ल्या पलीकडे एक खोली मिळण्यासारखी. घरमालकीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नजर कडक. "एकट्याच राहणार? तुमची खात्री देणारं कोणी आहे इथे?"

फ्रेमवाल्यांचा नंबर दिला. तिने माझ्यासमोरच लावला. त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"बाई तापट आहेत," ते म्हणाले. "चूक पटायला वेळ लागतो. पण एकदा पटली की चार माणसांत कबूल करतात. द्या खोली."

किल्ली मिळाली.