येते म्हण

प्रिय आईस,

शर्मिलाचा दवाखान्यातून जयभीम. माझा आवाज बसलाय, म्हणून फोन न करता लिहितेय. छातीत एक बारीकशी गाठ आहे, ती उद्या काढणार आहेत. डॉक्टर बाई फार प्रेमळ आहेत, खाटही खिडकीजवळची मिळालीय. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

ऐरोलीच्या घरी सगळे मजेत आहेत. तुझे जावई भाकरी थापायला शिकतायत. काल पहिलीच भाकरी इतकी कडक झाली की लेकीने ती थाळीसारखी वाजवली. आम्ही पोट धरून हसलो.

आमची शेजारीण पायल राजस्थानची. चहा पिऊन निघताना ती रोज म्हणते, "जाते." आणि मी रोज तुझ्यासारखी ओरडते, "जाते नाही गं, येते म्हण!" मग सगळे हसतात.

आज सकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहिले आणि माझ्याच तोंडून निघालं, "जाते."

कुणीच हसलं नाही. पायलने माझा हात धरला. "दीदी, येते बोल ना."

मी पिशवी खांद्याला अडकवली. तेवढ्यात लिफ्ट आली.

आई, मला खूप भीती वाटतेय. लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. तुला पत्र मिळेल तोवर मी घरी असेन. तिथे दारात जमलं नाही ते तुझ्यापाशी म्हणते.

येते गं आई.

तुझी,
शर्मिला