गवताच्या छताला शिडी

नवागाम, सुरत
ता. १२ ऑगस्ट १९९७

चि. सोनाली हीस आबाचा आशीर्वाद.

तुझं पाकीट आणि इमारतीचं रंगीत चित्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नको. वाल्मिकदादाचे कापडाचे लूम चालू आहेत. तू वेळेवर जेवतेस ना? पुण्यात पाणी उकळून पीत जा.

कॉम्प्युटरच्या खेळात शहर वसवायचं आणि त्यातली सगळ्यात मोठी इमारत तू काढायची, एवढं मला समजलं. पण एवढ्या इमारतीवर गवत? आपलं गावचं धाब्याचं घर तू पाहिलं आहेस. छतावरच्या मातीत गवत उगवलं की आम्ही लगेच उपटायचो, नाहीतर मुळ्यांतून पाणी घरात यायचं. साहेबांनी इमारत नापास केली तर नोकरी कायम कशी होणार? मला हीच काळजी.

छतावर काय हवं ते आईला विचारा, असं तू लिहिलं होतंस. तिला चित्र दाखवलं. खाटेवर पडून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "हाई गवत कोन उपटी?"

"अगं, खेळातलं आहे. उपटायचं नाही."

"मंग वर जावाले शिडी कोठे शे? सोनीले सांगा, शिडी लाव म्हना. बाया वर बसतीन."

"तू चढणार का या वयात?"

"पोरनी बांधेल शे. चढसू."

तर शिडी लाव. बाहेरून, दिसेल अशी.

ती खाटेवर होती कारण तिला ताप होता. पुढे ताप डोक्यात गेला. दवाखान्यात नेलं, तिथून तशीच आणली. कार्य उरकलं. वाल्मिकने सगळं केलं.

तो तार करा म्हणत होता. इमारत पास होऊ दे, मग कळवू, असं मीच म्हटलं. तुझ्या ऑफिसात फोन लावला होता. तू हॅलो, हॅलो म्हणालीस आणि मी ठेवून दिला. मला रडू आलेलं नाही. शेजारच्या सरलाबाई म्हणतात, येईल.

मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, तुला ठाऊक आहे. मी फाडला नाही. फाडला असता तर तू शिडीचं वाचलंच नसतंस, आणि तिचं सांगणं राहून गेलं असतं.

आधी काम संपव की आधी ये, मला कळत नाही. तूच ठरव.

खाली दोघांची नावं लिहायची हाताला सवय आहे.

तुझा
आबा